चौदावा रकाना

फॉर्म इंग्रजीत होता, आणि माझं इंग्रजी डब्यांवरचं. प्रायमर, इनॅमल, थिनर, ‘वापरण्यापूर्वी नीट ढवळा’, ‘मुलांपासून दूर ठेवा’, एवढ्या भांडवलावर मी रंगाच्या दुकानात एकेचाळीस वर्षं काढली. तरी तेरा रकाने एकट्याने भरले. नाव, वय, रक्तगट, दात स्वतःचे की बसवलेले, जिना चढता येतो का. चौदाव्यावर गाडी अडली. तिथे एकच लांबलचक शब्द होता, इडिओसिंक्रसीज, आणि त्याच्यापुढे चार रिकाम्या ओळी. चार! आजारांना दोनच दिल्या होत्या.

मला वाटलं, हाही एखादा आजारच असणार. मला तर तो नव्हता. मी ‘नाही’ लिहून फॉर्म पाठवून दिला.

फॉर्म ज्येष्ठांच्या निवासाचा होता. जागा माझ्या मुलीने शोधलेली. ती दुसऱ्या शहरात असते. एका खोलीत दोघे, खिडकीबाहेर झाडं, तळमजल्यावर डॉक्टर. लोक म्हणतील, मुलीने बापाला वाटेला लावलं. तसं काही नाही, मीच तिला म्हटलं होतं, बघ कुठे मिळतं का. ही गेल्याला तीन वर्षं झाली. ही म्हणजे माझी बायको. तीन वर्षांत मी स्वयंपाक शिकलो, कपडे वाळत घालायला शिकलो, गोळ्यांच्या वेळा पाळायला शिकलो. पण घरात आपल्याशिवाय कोणी खोकत नाही, यावर मला काही करता आलं नाही. मला खोलीत दुसरा माणूस हवा होता. कसाही चालला असता, घोरणारा असता तर उत्तमच. हे मी मुलीला सांगितलं नाही. तिला म्हटलं, आताशा जिना झेपत नाही.

निवासात एकच जागा उरली होती आणि ती शनिवारपर्यंतच धरून ठेवणार होते. सोमवारी तिथल्या फॉर्मवाल्या बाईंचा फोन आला.

“काका, चौदावा रकाना तुम्ही भरलाच नाहीत.”

“भरलाय की. ‘नाही’ लिहिलंय.”

“‘नाही’ चालत नाही हो. तऱ्हेवाईक सवयी नाहीत असा माणूस असतो का? ‘नाही’ लिहिणारेच सगळ्यांत जास्त डोकं खातात. मागच्या वर्षी एका आजोबांनी ‘नाही’ लिहिलं आणि रोज पहाटे उठून खोलीतलं सामान हलवायचे. जोडीदार बिचारा चष्म्यासाठी हात पुढे करायचा, तर टेबलच जागेवर नसायचं. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं ते आम्ही या रकान्यावरून ठरवतो.”

“पण मला खरंच काही आठवत नाही.”

“आपलं आपल्याला कुठे दिसतं? घरच्यांना विचारा. ते बरोबर सांगतील. आजच माणसाबरोबर कोरा फॉर्म पुन्हा पाठवते, शुक्रवारपर्यंत भरून पाठवा.”

घरच्यांना विचारा. मी फोन ठेवला आणि घरातून एक चक्कर मारली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, चक्कर लवकर संपली.

मंगळवारी मी वाचनालयात गेलो. तिथले ग्रंथपाल पूर्वी शाळेत भाषा शिकवायचे, त्यामुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. त्यांना कोणी शब्दाचा अर्थ विचारला की ते जेवणाच्या सुट्टीतसुद्धा उठतात. मी कागदावर उतरवून आणलेला शब्द त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, विटेएवढा जाड कोश काढला आणि तो न उघडताच बोलायला लागले.

“ग्रीक आहे. तीन तुकडे. इडिओस म्हणजे स्वतःचं, खासगी. सिन म्हणजे एकत्र. क्रासिस म्हणजे मिसळणं. स्वतःचं असं एक मिश्रण.”

“मिश्रण?”

“मूळचा वैद्यांचा शब्द हा. जुन्या वैद्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या अंगात चार रस असतात. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. प्रत्येकात त्यांचं प्रमाण वेगळं. म्हणून एका औषधाने एक बरा होतो, आणि त्याच औषधाने दुसऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. ते ज्याचं त्याचं प्रमाण, तो हा शब्द. मग शरीरावरून तो स्वभावावर आला, आणि आता एखाद्याच्या चमत्कारिक खोडीला लोक तोच शब्द वापरतात. आपण म्हणतो ना, व्यक्ती तितक्या प्रकृती. तेच.”

“म्हणजे दोष म्हणून विचारलेलं नाही?”

“छे हो. कशात काय किती, एवढंच.” मास्तरांना आता थांबवणं कठीण होतं. “आणखी गंमत सांगू? इडियट हा शब्दही त्याच इडिओसवरून आलाय. मुळात त्याचा अर्थ मूर्ख असा नव्हताच. चार लोकांच्या कामात न पडणारा, आपल्यापुरता राहणारा माणूस, एवढाच होता.”

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने कोश कपाटात ठेवायला वळले. मास्तर वाईट नाहीत. कुठे थांबायचं ते त्यांना कळत नाही, इतकंच.

पण कशात काय किती, हे मला चांगलं समजतं. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय. आता दुकानात यंत्र आलंय, आकडा दाबला की रंग पडतो. माझ्या वेळी गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं आणि म्हणायचं, हाच रंग हवा. मी तो पोपडा दारापाशी उजेडात धरायचो. पांढऱ्यात पिवळा किती, त्यात काळ्याचे थेंब दोन की तीन, हे डोळ्यांनी ओळखायचं. मग ढवळायचं, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक पट्टा ओढायचा आणि गिऱ्हाइकाला घरी पाठवायचं. कारण ओला रंग खोटं बोलतो. ओला असतो तेव्हा फिका दिसतो, वाळला की गडद होतो. ओल्यावर ‘जुळला’ म्हणणारा माणूस आमच्या धंद्यात टिकत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी माझं एकच उत्तर असायचं, “उद्या सांगतो.”

हे ‘उद्या सांगतो’ पुढे माझ्या जिभेवर असं बसलं की घरीही तेच. पडदे कोणते घ्यायचे, उद्या सांगतो. मुलीला आलेलं स्थळ कसं वाटतं, उद्या सांगतो. ही चिडायची. म्हणायची, “तुमच्याशी लग्नाचं मी विचारलं असतं ना, तर अजून वाळायची वाट बघत बसले असते.” रोज सकाळी ती माझा पाढा वाचायची. हे असं का ठेवलं, ते तसं का केलं, किती वेळा सांगितलं, स्वभावाला औषध नाही. मी कान बंद करून चहा प्यायचो. त्यातलं एक अक्षर आता आठवेल तर शपथ. ही असती तर चार ओळी पुरल्या नसत्या, पुरवणी जोडावी लागली असती.

बुधवारी मुलीला फोन केला. ती कामात होती, तरी थांबून आठवायला लागली.

“दाढी करताना शिट्टी वाजवता तुम्ही,” ती म्हणाली. “वर्तमानपत्राचं शेवटचं पान आधी वाचता. ओला टॉवेल दारावर टाकता, आई ओरडते त्यावरून.” मग ती जरा थांबली. “ओरडायची.”

“हं. आणखी?”

“आणखी काय बाबा, तुम्ही अगदी साधे आहात. लिहा ना, काही त्रास नाही म्हणून. मी रविवारी निवांत फोन करते.”

फोन ठेवल्यावर मी आरशासमोर उभा राहून शिट्टी वाजवून पाहिली. नुसतीच हवा आली. वर्तमानपत्र मी दोन वर्षांपूर्वी बंद केलंय. टॉवेल दोरीवर वाळत होता, मीच टाकला होता. मुलीकडे माझी शेड होती, पण ती वीस वर्षांपूर्वीची. तिचा काही दोष नाही. ती या घरातून गेली तेव्हा तोच रंग होता.

मग कोणाला विचारायचं? दुकानातले जुने रंगारी पांगले. नातेवाईक लग्नकार्यात भेटतात, तिथे माणूस इस्त्रीचे कपडे घालून जातो, खोडी घरी ठेवून जातो. बुधवारी संध्याकाळी मी बोटांवर माणसं मोजायला बसलो आणि एक हातसुद्धा पुरा झाला नाही. तेव्हा मला खरोखर भीती वाटली. मी कसा आहे हे ठाऊक असलेलं माणूस आता या जगात एकही नाही, आणि त्याचा पुरावा म्हणून चार कोऱ्या ओळी माझ्या टेबलावर पडल्या होत्या.

गुरुवारी दुपारी मी खालच्या बाईंचं दार वाजवलं.

खालच्या बाई म्हणजे माझ्या बरोबर खालच्या घरात राहणाऱ्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, एकट्याच असतात. हिचं त्यांच्याशी बरं होतं. माझं चार वर्षांपूर्वी भांडण झालं. त्यांच्या छतावर ओल आली होती, त्या म्हणाल्या वरून झिरपतंय, मी म्हणालो बाहेरच्या भिंतीतून येतंय. झिरपत वरूनच होतं. मी नंतर नळ बदलला, पण तसं सांगितलं नाही. तेव्हापासून जिन्यात आम्ही एकमेकांना वाट देतो, तेवढंच.

त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि आधी वर छताकडे पाहिलं.

“पुन्हा झिरपतंय का?” त्या म्हणाल्या.

“नाही, नाही. दुसरंच काम आहे. जरा विचित्र आहे.”

बसायला त्यांच्याकडे एकच चांगली खुर्ची होती. ती मला देऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मी फॉर्म दाखवला, शब्दाचा अर्थ मास्तरांनी सांगितला तसा सांगितला, आणि म्हणालो, “तुम्हाला माझ्याबद्दल काही माहीत असेल असं नाही. पण विचारून बघावं म्हटलं.”

त्या हसल्या नाहीत. पलंगावरचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता, तो त्यांनी बंद केला.

“तीस वर्षं मी कानाला हेडफोन लावून बसलेय,” त्या म्हणाल्या. “आणि हे छत पुठ्ठ्यासारखं आहे. लिहून घ्या. साडेपाचला उठता. उजवा पाय आधी टेकवता, तो जड पडतो. चहाला दोन कप काढता आणि मग एक परत ठेवता. रोज.”

मी पेन काढलं होतं, ते हातातच राहिलं.

“कुलूप लावलं की चार पायऱ्या उतरता, परत वर जाऊन ओढून बघता. ढवळताना चमचा कधी भांड्याला लागत नाही तुमचा. आधी वाटायचं, साखर घेतच नाहीत की काय. दुपारी चारला खुर्ची सरकवता. मग दुसरी सरकवता. दुसरीवर कोणी बसत नाही. अर्ध्या तासाने दोन्ही आत ढकलता.”

“दुसरी?” मी म्हणालो. “दुसरी कशाला सरकवेन मी?”

“ते मला काय माहीत? मला आवाज येतो.” त्या जरा घुटमळल्या. “आणखी एक आहे. सांगू का?”

“सांगा.”

“रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तुम्ही मोठ्याने काहीतरी बोलता. एकच वाक्य. ‘उद्या सांगतो.’ आधी मला वाटायचं फोनवर असाल. पण फोनवर माणूस आणखी काहीतरी बोलतो ना. आधी हॅलो म्हणतो. तुम्ही नुसतंच म्हणता, उद्या सांगतो. मग बराच वेळ काही आवाज नसतो.”

मी वर पाहिलं. ओल झाकायला त्यांनी छतावर पांढऱ्या रंगाचं एक ठिगळ मारून घेतलं होतं. बाजूच्या पांढऱ्याशी ते जुळत नव्हतं. कोणीतरी रंग ओल्यावरच जुळवला होता, आता ताटाएवढा डाग उठून दिसत होता.

“हा पांढरा चुकलाय,” मी म्हणालो.

“चार वर्षं बघतेय,” बाई म्हणाल्या.

मी उठलो. दारापाशी त्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही जाणार इथून?” मी तोंड उघडलं आणि माझं नेहमीचं उत्तर बाहेर येताना मला ऐकू आलं. मी ते तसंच गिळलं आणि नुसती मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, मलाच माहीत नव्हतं. वर येताना लक्षात आलं, मी त्यांना त्यांच्या सवयींबद्दल एक शब्द विचारला नव्हता. चार वर्षांत मला त्यांच्या घरातलं काहीसुद्धा ऐकू आलेलं नव्हतं.

साडेसात का, ते मला जिन्यातच कळलं होतं.

दवाखान्यात भेटायची वेळ साडेसातला संपायची. घंटा व्हायची. हिला तिथे ठेवून सहा दिवस झाले होते, डॉक्टर म्हणत होते परवा घरी सोडतो. घंटा झाली, मी पिशवी उचलली, तेव्हा ही म्हणाली, “अहो, माझ्यामागे कसं करणार तुम्ही?” ती अशा आवाजात म्हणाली की जणू पडद्यांचं विचारतेय. मला खरं उत्तर माहीत नव्हतं. विचार करायला हवा होता, नीट वाळू द्यायला हवं होतं. मी म्हणालो, “उद्या सांगतो.” ती हसली. “बरं,” म्हणाली, “उद्या तर उद्या.” सकाळी मी पोचलो तेव्हा पलंगावरची चादर बदललेली होती.

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा त्याची वाच्यता करायची नाही असं ठरवलं होतं. आणि तीन वर्षं रोज त्याच वेळी मी ते एका रिकाम्या खुर्चीला मोठ्याने सांगत होतो, आणि खाली एक बाई रेडिओ बारीक करून ऐकत होती.

शुक्रवारी मी चौदावा रकाना मराठीत भरला. त्यांना हवं तर इंग्रजी करून घेतील. दोन कप, कुलूप, दोन खुर्च्या, साडेसातचं वाक्य. काही लपवलं नाही. चार ओळी बरोबर पुरल्या. अक्षरही बरं आलं होतं. पाठवल्यावर बरं वाटलं. एक खरा पोपडा दिला होता मी त्यांना. आता ते उजेडात धरून बघतील आणि माझ्याशी जुळेल असा कोणीतरी शोधतील, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी फॉर्मवाल्या बाईंचा फोन आला. आवाज फार गोड होता.

“काका, इतकं खरं कोणी लिहीत नाही हो. तुमचं कौतुकच वाटलं. पण एक सांगू का, एकटं बोलणाऱ्या माणसाबरोबर खोलीत राहायला कोणी तयार होत नाही. घाबरतात. दोघांना विचारून पाहिलं मी. पण तुमचं नशीब बघा, कोपऱ्यातली एकाची खोली कालच रिकामी झालीय. ती तुम्हाला देते. निवांत. कोणाचा त्रास नाही.”

“कोणाचाच?”

“अजिबात नाही. जाड भिंती आहेत, बाजूच्या खोलीतलं काही ऐकू येत नाही. बोला हवं तेवढं!” त्या हसल्या. “विचार करून संध्याकाळपर्यंत कळवलंत तरी चालेल.”

“नको,” मी म्हणालो.

“अहो, घाई नाही, संध्याकाळी...”

“एकाची खोली माझ्याकडे आहे, बाई. दोन आहेत.”

मी फोन ठेवला. ओल्यावर दिलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं उत्तर. ते वाळल्यावर कसं दिसेल, मुलीला काय सांगायचं, पाय धरला तर जिना कसा उतरायचा, काहीच ठरवलेलं नव्हतं.

चार वाजता मी खुर्ची ओढली आणि लक्ष ठेवून बसलो. हात आपोआप दुसऱ्या खुर्चीकडे गेला. मी त्याला जाऊ दिलं. अर्ध्या तासाने उठलो तेव्हा दोन्ही खुर्च्या होत्या तिथेच राहू दिल्या. उजेड कमी होत गेला. खाली रेडिओवर कोणीतरी बातम्या सांगत होतं. छत पुठ्ठ्याचं असेल तर माझी जमीनही पुठ्ठ्याचीच, नीट लक्ष दिलं तर शब्दसुद्धा कळत होते. तीन वर्षांत मी लक्ष दिलं नव्हतं.

साडेसात झाले. ते वाक्य घशापर्यंत आलं, नेहमीसारखं. मी ते परत पाठवलं.

“आज सांगतो,” मी समोरच्या खुर्चीला म्हणालो. “तुझ्यामागे मला जमत नाहीये गं. सगळं येतं, पण जमत नाही.”

खालचा रेडिओ बंद झाला.

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, म्हणजे खाली नीट ऐकू जावं.